सहा मिलिमीटर

३ मार्च
मानेवरचा डाग कॅन्सरचा निघाला. सुरुवातीचा आहे, घाबरू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी घाबरलो नाही. घाम आला तो उकाड्यामुळे. ऑपरेशन टळावं म्हणून नवं नॅनो जेल घेतलंय. औषधाचे डोळ्यांना न दिसणारे कण कातडीत मुरून डागापर्यंत पोचतात. सहा आठवडे मानेला ऊन नको, कॉलर नको. म्हणजे पडदे ओढून बनियनवर घरात. सहज जमेल.

४ मार्च
जेल दुसऱ्याकडून लावून घ्या, असं कागदावर छापलंय. ते इतरांसाठी. मी तीस वर्षं सर्व्हेअर होतो. दोन आरसे, एक मोजपट्टी. डाग सापडला. सहा मिलिमीटर. बायको म्हणाली, "आणा इकडे, मी लावते." नको म्हटलं. हिचा हात जड.

९ मार्च
सहा मिलिमीटर. पाच दिवसांत वाढ थांबली. बायको मागून जाताना म्हणाली, जरा खाली लावा. हिला नॅनोतलं काय कळतंय? उद्यापासून बाथरूमची कडी लावून लावणार.

१७ मार्च, दुपार
पडद्याच्या फटीतून रस्ता पाहिला. समोरच्या बाकावर आमचे पेन्शनर हसत बसले होते. कोणालाही माझी आठवण येत असल्याचं दिसलं नाही. आजपासून हॉलमध्ये शंभर फेऱ्या. अठरा झाल्या. मग टीपॉय पायाला लागला.

२६ मार्च
सहा. मुलीला फोनवर सांगितलं, औषध लागू पडलं. ती म्हणाली, आईला फोन द्या. दोघी बराच वेळ हळू बोलत होत्या. माझं कौतुक तोंडावर करायला काय हरकत आहे?

४ एप्रिल
सहा. या भिंतींचा वीट आलाय. खरं सांगायचं तर भीती वाटते. हे वाक्य उद्या खोडायचं.

५ एप्रिल
खोडलं नाही. खोडलं की वही घाण दिसते.

१४ एप्रिल
तपासणी. मोजमापांचा तक्ता अभिमानाने पुढे ठेवला. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून मान दोनदा तपासली. मग म्हणाल्या, "काका, जेल नक्की कुठे लावत होतात?" बोट ठेवून दाखवलं. तो तीळ निघाला. साधा, जुना, बायकोला लग्नापासून माहीत असलेला. तिळाची तब्येत उत्तम. डाग त्याच्या दोन बोटं खाली. औषधाचा थेंबही न लागलेला, वाढून नऊ मिलिमीटर. आता जेलचा उपयोग नाही.
बाहेर येऊन बायको पायरीवर बसली. "मी रोज दार वाजवत होते," एवढंच म्हणाली. चूक आरशाची, असं सांगणार होतो. तक्त्याची घडी घालून तिच्याशेजारी बसलो.
ऑपरेशन गुरुवारी.