जिन्यावरून पडायचं कसं

प्रिय ढब्बू,

हे पत्र तुझ्या घरी न पाठवता तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. का, ते पुढे कळेलच. मधल्या सुट्टीत कुठेतरी एकटी बसून वाच. अक्षर वाकडं दिसेल, कारण उजव्या हाताची दोन बोटं एकत्र बांधली आहेत. परवा एका नटाने दार ठरल्यापेक्षा लवकर आपटलं आणि माझी बोटं चौकटीत राहिली. घाबरू नकोस, नखं काय, परत येतात.

महिनाभर आमचं युनिट नुसतं फिरतंय. तीन गावं झाली, तिन्हीकडच्या लॉजमध्ये उशी तीच, दगडासारखी. सकाळी सहाला गाडीत बसायचं, नऊपर्यंत नायिकेचे कपडे आणि तिच्यासारखा केसांचा टोप चढवायचा आणि मग दिवसभर तिच्या वाटणीचा मार खायचा. या सिनेमात चौघं मिळून मला मारतात. केस धरून फरफटत नेतात, तोंड पिंपात बुडवतात, शेवटी काचेच्या दारातून बाहेर फेकतात. काच खोटी असते, पण चौकट खरी. रक्तही बाटलीतलंच, तरी अंघोळ करताना कळतं की त्यातलं थोडं आपलं होतं. आई विचारायची ना, बाई गं, तुला दुसरं काहीच जमत नाही का? नाहीच जमलं.

आमच्यातली एक रीत तुला कधी सांगितली नाही, लाज वाटायची. ठोसा खरंच लागला तर 'कट' ऐकू येईपर्यंत आवाज काढायचा नाही. आणि नंतर, ज्याने मारलं त्याला चहा आपणच नेऊन द्यायचा, म्हणजे त्याला अवघडल्यासारखं होत नाही. तीन वर्षांपूर्वी एका नायकाने मला पोटात खरीखुरी लाथ घातली. बरगडी मोडली. मी चहा नेला, तर म्हणाला साखर कमी आहे. सगळं युनिट हसलं, मीही हसले. मोडक्या बरगडीने हसून बघ कधीतरी. नको, बघू नकोस. जी रडते तिला दुसऱ्या दिवशी बोलावणं येत नाही, एवढा साधा हिशोब असतो. मी अठरा वर्षं टिकले त्यात उड्यांचा वाटा किती आणि चहाचा किती, देव जाणे.

तू माझ्या या धंद्याला कायम नाक मुरडलंस. लग्नात सासरच्या माणसांना सांगितलंस की ताई सिनेमात कपडेपट सांभाळते. मला राग नाही त्याचा. पण म्हणूनच, गेल्या वेळी मी घरी आले तेव्हा भांडी विसळता विसळता तू विचारलंस, की जिन्यावरून कोणी ढकललं तर तुम्ही डोकं कसं वाचवता, तेव्हा मी अशी काही फुलले! हात पुसून लगेच तुझी शिकवणी सुरू केली. हनुवटी छातीला लावायची, कोपरं आत घ्यायची. हात टेकून स्वतःला अडवायला जायचं नाही, मनगट जातं. कुशीवर घसरत खाली यायचं. पलंगावरून खालच्या गादीवर तू पाचसहा वेळा पडून दाखवलंस, पहिल्या झटक्यात बरोबर. मी म्हटलं, तू तर माझ्या पोटावर पाय देशील. केवढ्या हसलो आपण. मग भाऊजी दारात येऊन उभे राहिले, ही काय सर्कस चाललीय म्हणाले, आणि तू पुन्हा भांड्यांकडे वळलीस. मला वाटलं, लाजलीस.

परवा एक नवी मुलगी कामावर आली. थपडेचं साधं काम होतं. हात तोंडापासून वीतभर लांबून जातो आणि आपण फाइट मास्तरांच्या टाळीवर मान फिरवायची. नवीन माणूस नेहमी उशिरा फिरवतो. ही आधीच फिरवत होती. नटाने नुसता खांदा हलवला तरी हिचे डोळे मिटलेले, तोंड बाजूला आणि डावा हात कानावर. चार टेक वाया गेले. नट वैतागला, दिग्दर्शक नाही नाही ते बोलला. आमच्या मास्तरांनी आजवर कोणाची विचारपूस केलेली मी पाहिलेली नाही. ते तिच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "घरी कोण मारतं?" ती तिथेच मटकन खाली बसली.

मी तिच्याकडे बघत होते आणि मला तुझ्या घरचं जेवणाचं टेबल दिसत होतं. त्याच भेटीत भाऊजींनी पाण्याच्या जगकडे हात नेला तेव्हा तुझा हात असाच कानावर गेला होता. मग तू केस मागे सारल्यासारखं केलंस. झकास केलंस, मी फसले. अठरा वर्षं खोटा मार खाऊन मला समोरचा खरा ओळखता आला नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी तुझा फोन आला, की पाय घसरून जिन्यावरून पडले, पण तू सांगितलंस तशीच पडले, काही झालं नाही. मी ते युनिटमध्ये सगळ्यांना सांगितलं, ढब्बू. माझी बहीण चौदा पायऱ्या गडगडली आणि अंगावर साधा ओरखडा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

फोन करत नाही, कारण तुझा फोन हल्ली आधी कोण उचलतं ते आता माझ्या लक्षात आलंय. गुरुवारी आमची गाडी तुझ्या शाळेवरून पुढे जाणार आहे. अकरा वाजता मी फाटकाबाहेर उभी असेन. सोबत मास्तर आणि मला रोज मारणाऱ्या चौघांपैकी दोघं असतील. ते भाऊजींसाठी नाहीत. भाऊजी अचानक समोर आलेच तर मला धरून ठेवायला आहेत. कारण माणसाचं काय काय मोडतं आणि कसं मोडतं, ते मला नको इतकं माहीत आहे. कपडे आणू नकोस, दागिने आणू नकोस, फक्त तुझी कागदपत्रं रोजच्या पिशवीत घालून ये. पुढच्या गावी माझ्या खोलीत दुसरी खाट टाकायला सांगितली आहे. गुरुवारी नाही जमलं तर नको येऊस, खुलासाही नको. मी पुढच्या गुरुवारी एसटीने येईन, अकरालाच. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. हे पत्र मात्र घरी नेऊ नकोस. वाचून झालं की तिथेच बारीक बारीक फाड.

फाटकाशी उभी असलेली,
तुझीच ताई