उंबऱ्याबाहेरचा प्रश्न

अण्णा,

तुम्ही गेल्यापासून या घरात शब्दांचा तुटवडा कधी पडला नाही. ती व्यवस्था मी एकहाती पाहिली. बेळगावात कोणाचा सत्कार असो वा शोकसभा, संस्कृताचे शिक्षक या अधिकाराने तुमचे चिरंजीव मंचावर विराजमान असतात आणि श्रोत्यांचा क्षमाभाव संपुष्टात येईपर्यंत बोलतात. अशा वाक्पटू पुरुषाला एक साधा प्रश्न विचारता येईना. त्याला अंशतः तुम्हीही कारणीभूत आहात, म्हणून हे तुम्हालाच लिहितो आहे.

मी शाळकरी पोर आहे, आई भाकरी थापते आहे. मी चुलीशी बसून, नाटकी स्वरात, "भुकेनं मेलो मी आता" असे जाहीर करतो. तुम्ही नुकतेच कोर्टातून आला आहात, अंगात काळा कोट तसाच आहे. दिवसभर खुनाचा खटला चालवून आलेला माणूस स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणतो, "बाहेर हो. पायरीवर जा, काय बोलायचं ते तिथं बोल, पाय धू आणि मग आत ये. घरात अभद्र बोललं की वास्तू तथास्तु म्हणते." मी पायरीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पुन्हा एकदा मेलो. आक्का तांब्या घेऊन मागोमाग आली, माझ्या पायांवर पाणी घालता घालता हळूच म्हणाली, "दोन भाकऱ्या राखून ठेवल्यात तुला." आपल्या घराचा हा कायदा तेव्हापासून मला पाठ आहे. या घरात उंदीरसुद्धा कधी मेला नाही, तो 'गेला'.

गेल्या वर्षी आक्काचे यजमान गेले. मुलगी बेंगळुरूला, निपाणीचे घर रिकामे, म्हणून आक्का माझ्याकडे राहायला आली. माझा ब्रह्मचर्याश्रम, ज्याची मुदत मी अंमळ लांबवली आहे, तिच्या येण्याने गजबजेल अशी माझी कल्पना होती. झाले उलटेच. ती बोलेनाशी झाली, ताटात हात फिरवून उठू लागली. मग एके दिवशी तिने लग्नातली भांडी निपाणीहून मागवली आणि भांडीवाल्याकडे नेऊन त्यांवर नावे घालून आणली. स्वतःचे नव्हे: कळशीवर लेकीचे, परातीवर नणंदेच्या सुनेचे. मी म्हणालो, "दानशूर कर्णाला सख्खी बहीण होती, हे व्यासांनी आमच्यापासून लपवलं." ती हसली. विनोद यशस्वी झाला, असे मी समजलो.

त्यानंतर शाळेने आम्हा काही शिक्षकांना एका प्रशिक्षणाला धाडले. मन खचलेल्या मुलाला आधार कसा द्यावा, हा विषय. शिकवणारी तरुण डॉक्टरीणबाई, माध्यम कन्नड. पीटीच्या मास्तरांनी निराश विद्यार्थी व्हायचे आणि मी त्यांना सावरायचे, असा प्रयोग ठरला. मी मनुष्यजन्माच्या दुर्लभतेपासून आरंभ केला आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनींपैकी बऱ्याचशा पार केल्या. अखेर मास्तर म्हणाले, "सर, आलतो तवा बरा होतो. आता मला खरंच जगावंसं वाटेना." सभागृह हसले, मीही हसलो. डॉक्टरीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "नेरवागि केळ्री, सर," त्या म्हणाल्या. थेट विचारा. मरणाचा विचार येतो का, हे त्याच शब्दांत विचारा. विचारल्याने तो मनात शिरत नाही, असलाच तर बाहेर यायला वाट मिळते. मग गप्प बसून ऐका, एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जा. पुढे त्या लक्षणे सांगू लागल्या. माणूस जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकू लागतो, हे वाक्य आले आणि मला कळशी दिसली. जेवणाच्या सुटीपर्यंत मी थांबलो नाही.

घरी आलो तेव्हा ती चिंचेने परात घासत होती. प्रश्न ओठांशी आला, आणि अण्णा, स्वयंपाकघराच्या दारात तुम्ही काळ्या कोटात उभे होता. केस पिकलेल्या, निवृत्तीकडे झुकलेल्या तुमच्या पुत्राची जीभ टाळूला चिकटली. घरात कसे विचारू?

"आक्का, चल, जरा फिरून येऊ."

"आत्ता? उन्हाचं? डोकं फिरलंय व्हय रं तुझं?"

"त्याची वार्ता जुनी आहे. चल."

रिक्षाने शहराबाहेर, हिंडलग्याच्या पुढे गेलो आणि भाताच्या एका बांधावर, झाडाच्या सावलीत बसलो. जवळपास छप्पर नव्हते, याची मी खात्री करून घेतली. मग घसा खाकरून विचारले, "आक्का, तुझ्या मनात कधी देहविसर्जनाची भावना..."

"गणपती हाय व्हय मी? सरळ बोल की."

"जीव द्यावा असं वाटतं का तुला?"

ती समोरच्या भाताकडे बघत राहिली. माझ्या मुखात त्या वेळी तीन सुभाषिते आणि एक कोटी तयार होती. ती सारी गिळण्याला मी आयुष्यातले सर्वांत मोठे तप मानतो.

"व्हय," ती म्हणाली. "लई दिस झालं. समदी म्हणत्यात, जेव, देवाचं नाव घे. हे कुणी इचारलंच न्हाय."

मग ती बोलली. काय बोलली ते तिचे आहे, तुम्हालाही सांगणार नाही. मी मध्ये बोललो नाही. शेवटी एवढेच म्हणालो, "आजच डॉक्टरांकडे जायचं. तोवर तुला सोडून मी कुठं जाणार नाही." तिने पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "आधी च्या पाज कुठंतरी."

डॉक्टरांनी तोच प्रश्न चार भिंतींच्या आत, पंख्याखाली, बिनदिक्कत विचारला. औषधे सुरू झाली. बेंगळुरूहून भाची येऊन राहिली, आम्ही आळीपाळीने आक्काजवळ थांबलो. हळूहळू ती जेवू लागली, मला बोलू लागली, माझ्या आमटीला नावे ठेवू लागली. दुखण्याला उतार पडल्याचे याहून विश्वसनीय प्रमाण नाही. डॉक्टरांच्या संमतीने ती निपाणीला परतली. आता शेजारणींबरोबर बाजारात जाते, कानडी भाजीवालीशी कानडीत भांडते. कळशीही भाचीकडून परत मागून घेतली आहे.

दर रविवारी मी एसटी पकडून तिच्याकडे जातो. आक्काला सोबत हवी, असे शाळेत सांगतो, तिलाही सांगतो. इथे शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी ज्याला उत्तर द्यावे असा आवाज सोमवारपर्यंत कानी पडत नाही. पण ते मी कोणाला बोललेलो नाही. परवा मी निघताना तिने पिशवीत भाकऱ्या बांधून दिल्या आणि फाटकाशी म्हणाली, "येत जा रं असाच. एकटीला मला करमत न्हाय बघ." आत तिच्या शेजारणी भजनाला दाटीवाटीने बसल्या होत्या, आणि तिला आत जाण्याची घाई होती. तरी ती एसटी वळेपर्यंत फाटकाशी उभी राहिली.

तिला कळले आहे, अण्णा. आणि कळल्याचे ती मला कळू देत नाही. मीही पुढच्या रविवारी, तिच्यासाठी म्हणूनच, जाणार आहे.