शंभूची गोळी बदलली

ती. आबा,

हैदराबादच्या दवाखान्यातून तुमची शिवांजली पाया पडते.

शंभूची फिट थांबली. अंगावरचे फोडही सुकले. तरी लेकराचा डोळा लागला की मी हलवून बघते.

फोड फिटच्या जुन्या गोळीनं उठले होते. ठिकठिकाणच्या लोकांनी अभ्यासाला रक्त दिलंय, त्याची माहिती सगळ्या डॉक्टरांना बघायला मिळते. शंभूचं रक्त तपासून तिच्याशी ताडलं तवाच कळलं, त्याच्यासारख्या रक्ताला ती गोळी मानवत न्हाय. मग दुसरी दिली. त्या माहितीत कुणाचं नाव नसतं, म्या विचारून घेतलं.

आईचे गुडघे कसे हायेत?

मागं असल्याच अभ्यासाला रक्त मागायला आलेल्या पोरींना तुम्ही नुसता चहा पाजून वाटंला लावलं. म्हणालात, घरचं दुखणं गावाबाहेर कशाला? पुन्हा आपल्या ईट गावाला आल्या तर आधी हात पुढं करा, चहा मागनं.

तुमची लेक