पडद्यावरचा ढावलो

९ एप्रिल, बुधवार

"बबिता, ढावलो शिकून घे. नवरी मुकी बसली तं तांडा हासंल!" – आज पुन्हा तेच. आमची याडी म्हणजे माय कमी, मास्तरीण जास्त. याडीचा, म्हणजे धुरपताबाईचा हुकूम! आमच्या बंजाऱ्यात नवरीनं सासरी जातानी गाऊन रडायचं असते. मायच्या, मैतरणीच्या गळ्यात पडून, सुरात – थोच ढावलो. अन् थे रडणंबी आधी शिकायचं!

लग्न मे महिन्याच्या तेवीसले. राजकुमार, उमरखेडचा, खताचं दुकान. पाह्यले आला तेव्हा म्हणे, "लॅब-बिब सोडा आता, गल्ल्यावर बसा." सारे हासले. मीबी हासली. नेरच्या लॅबमधलं माह्यं काम, रक्ताच्या काचपट्ट्या, मायक्रोस्कोप – कोणी विचारलंच नाही. बापूनं गूळ वाटला, शब्द देऊन टाकला.

मले नको हे लग्न. इथं लिहिता येते. तोंडातून निघत नाही.

१० एप्रिल

नाही शिकली. डोकं दुखते म्हणून सांगतलं.

१२ एप्रिल, शनिवार

याडी अन् मी यवतमाळले गेलतो, लग्नाच्या साड्या घ्यायले. दुपारी बारालेच असं ऊन की चपलेले डांबर चिकटे. एका हॉलवर बोर्ड – 'ऑपेरा, मोठ्या पडद्यावर, प्रवेश मोफत'. याडीनं आतला कूलर पाह्यला फक्त. "चाल वं, बसू घडीभर." दारात विमलताई म्हणून गाण्याच्या बाई होत्या. त्याइनं पाणी देलं अन् म्हणे, "अख्खं नाटक गाण्यातच आहे. शेवट दुःखाचा आहे हं, रुमाल काढून ठेवा."

अंधार. थंड हवा, वाळ्याचा वास. पडद्यावर निळा उजेड, पायऱ्या, अन् पांढऱ्या झग्यात एक भरल्या अंगाची बाई. तिनं तोंड उघडलं – माय वं! आवाज छतापाशी गेला अन् तिथंच राह्यला. भाषा इटलीची, खाली इंग्रजीत ओळी. मी वाचणंच सोडून देलं. वाटलं, हॉल हळूहळू पाण्यात चालला अन् माह्या अंगाले वजनच नाही. उमरखेड नाही, मे महिना नाही, काहीच नाही.

याडीनं कोपर मारलं. "काय म्हणून राह्यली थे?"

खाली लिहून होतं – चंद्र ढगाआड गेला. असंच कायतरी. अन् मी म्हटलं – काहून म्हटलं, देव जाणे! – "म्हणते, मले तिथं देऊ नका. बापाच्या शब्दापायी जिथं मन नाही तिथं धाडू नका."

याडी खुर्चीत पुढं सरकली. "ई तो ढावलो छ!" म्हणे. हा तं आपला ढावलोच हाय!

मंग मी थांबलीच नाही. ओळ आली की माह्यंच सांगे. "म्हणते, मले माह्यं काम सोडवत नाही." "म्हणते, माय, तू तं बोल." थे बाई आपली मेणबत्तीशी बोलून राह्यली, अन् मी तिच्या तोंडात माह्यं कोंबून राह्यली. पाप लागंल तं लागो!

शेवटी तिनं विष घेतलं. घेतल्यावरबी दहा मिनिटं गायली! अन् याडीनं तिले उत्तर देलं. खरंच देलं. तांड्यात रडत्या पोरीले माय सुरात उत्तर देते, तसं – पदर तोंडावर, लांब हेल काढून. पुढचे लोक वळले. कोणीतरी "श्श" केलं. मी लाजंनं अर्धी झाली. मंग नाही लाजली. एक बाई इटलीची, एक आमच्या तांड्याची, अन् अंधारात सूर जुळून राह्यला. हे संपूच नये असं वाटलं मले.

संपलं. साऱ्याइनं टाळ्या वाजवल्या. याडी विमलताईले विचारे, "पोरगी मेली ना थे? मंग टाळ्या कायले?"

"आवाज किती गोड होता, मावशी!"

याडीचं तोंड उतरलं. साड्या न घेताच आलो.

१५ एप्रिल, मंगळवार

मायक्रोस्कोपले डोळा लावला की थो निळा उजेडच दिसे. दोन पट्ट्या पुन्हा कराव्या लागल्या. मॅडम म्हणे, "लग्नाची हवा लागली वाटते!"

याडी आता ढावलो शिक म्हणत नाही. तिले कळलं का? का सांगून टाकू, खोटं वाचलं म्हणून? तोंड उघडतो अन् चहाच मागतो. लय भेव लागते.

१७ एप्रिल, गुरुवार

याडी सकाळच्या एसटीनं बापूले घेऊन उमरखेडले गेली – लग्न नाही म्हणून सांगायले.

निघतानी पिशवी भरता भरता म्हणे, माह्याकडं न पाहता – "माह्या लग्नात मीबी म्हटलं होतं ढावलो म्हणतानी. मले देऊ नका, मले नको. खरंखुरं म्हटलं होतं, बबिता. सारा तांडा म्हणे, धुरपता काय गोड गाते!"