दोन मेंबरांचं कव्हर

३ मार्च, सकाळी ९.१०
गाडीच्या ब्रेकडाऊन कव्हरचं रिन्यूअल पत्र आलं. गेल्या वर्षीपेक्षा अठ्ठावीस टक्के जास्त! खाली आणखी लिहिलंय, 'आपल्यासारख्या जुन्या ग्राहकांचा आम्हाला अभिमान आहे.' असेल ना. एवढं कापल्यावर कुणालाही अभिमान वाटेल.
मुदत ३१ मार्च. संकल्प : गेल्या वर्षीपेक्षा दहा टक्के कमी दरात रिन्यू करून दाखवायचं. खरेदी विभागात बत्तीस वर्षं काढली आहेत. पार्टीला घाम फोडायचा म्हणजे काय, हे मला शिकवायला नको. मोठ्या सौद्याच्या वेळी साहेब मला मुद्दाम केबिनबाहेर बसवत. मला बघून पार्टी बिचकू नये म्हणून.

४ मार्च
फाइल उघडली. वर लेबल लावलं. लेबल चांगलं आलं.
हिला फोन करून बातमी दिली. ही नातीला आंघोळ घालत होती. नंतर करते म्हणाली.
ही दोन महिन्यांसाठी लेकीकडे गेली, त्याला आता चौदा महिने होतील. तान्हं मूल म्हटलं की दोनाचे चार महिने होतातच. मी समजू शकतो.
रात्रीपर्यंत फोन नाही. तिकडे नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा.

६ मार्च
तीन कंपन्यांचा तौलनिक तक्ता. एका कंपनीचा माणूस फक्त हायवेवर येतो. दुसरीचा येतो, पण घरापासून दोन किलोमीटरच्या आत गाडी बंद पडली तर येत नाही. म्हणजे बंद पडलेली गाडी आधी दोन किलोमीटर ढकलत न्यायची आणि मग फोन करायचा! आमचीच कंपनी बरी. घरच्या पार्किंगमध्ये येतात.
गेल्या वर्षात चार वेळा बोलावलं. चारही वेळा पार्किंगमध्येच. दोष बॅटरीचा. दर वेळी तोच एक टोचनवाला येतो, पंचावन्नच्या पुढचा, अबोल. म्हणतो, साहेब, आठवड्यातून अर्धा तास तरी गाडी बाहेर काढत जा. मी विचारलं, कुठे नेऊ? तो हसला. मी विनोद केला नव्हता, पण मग मीही हसलो.
काम सहा मिनिटांचं. मागच्या खेपेला चाळीस मिनिटं थांबला. दोन कप चहा घेतला. तक्त्यात 'सेवेचा दर्जा' या रकान्यात त्याचे पूर्ण गुण दिले.

९ मार्च, दुपारी
पहिला फोन. डावपेच : मौन. वाटाघाटीत जो आधी बोलला तो मेला. एकोणीस मिनिटं सनई का काय ती ऐकली, मग कस्टमर केअरच्या बाई आल्या. मी मौन धरलं. बाई तीनदा हॅलो म्हणाल्या आणि फोन ठेवला.
दबाव आला असणार.

तीच तारीख, ४.३०
दुसरा फोन. त्याच बाई. आवाजावरून माझ्या लेकीपेक्षा मोठ्या, पोक्त. म्हणाल्या, चार वेळा माणूस बोलावलाय, म्हणून दर वाढला. मी म्हटलं, बोलवायचं नाही तर कव्हरचं काय लोणचं घालू? हसल्या. चांगली सुरुवात.
मग म्हणाल्या, कव्हरवर दोन मेंबर आहेत, दुसऱ्या मेंबर अजून याच पत्त्यावर राहतात का? मी म्हटलं, अर्थात. सध्या बाहेरगावी आहेत, दोनेक महिन्यांसाठी. त्या म्हणाल्या, एकाच मेंबरचं केलंत तर सरळ पस्तीस टक्के कमी होईल.
मी स्वच्छ नाही म्हणून सांगितलं. हे तत्त्वाचं आहे. माल कमी करून भाव कमी करणं याला सवलत म्हणत नाहीत. खरेदी विभागात नवा आलेला कारकूनसुद्धा या सापळ्यात सापडणार नाही.

१२ मार्च
लेकीचा फोन. कव्हरची सगळी हकिकत सांगितली. ती म्हणाली, बाबा, मग आईचं नाव काढून टाका की. मी तत्त्व समजावलं. ती म्हणाली, आईला एकदा विचारलंत का? मी म्हटलं, त्यात तिला काय विचारायचं, तिला गाडीतलं काय कळतं. लेक गप्प बसली. बराच वेळ. मौनाचं तंत्र तिने माझ्याकडूनच उचललंय, पण ते घरात वापरू नये.
हिला गाडी येत नाही, हे खरंच आहे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी स्वतः शिकवायला घेतली होती. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी हिने गेटच्या खांबाला घासली. मी दोन शब्द बोललो. चार माणसं गोळा झाली, याला माझा इलाज नव्हता. ही खाली उतरली आणि चालत घरी गेली. त्यानंतर गाडीवरून मी हिला कधीही ओरडलो नाही. हिने स्टिअरिंगला हातच लावला नाही, तर ओरडणार कशावर?

१५ मार्च, सकाळी १०
नवा प्लॅन. दुसरी मेंबर इथे आणून उभी केली की कंपनीची बोलतीच बंद. १८ला बुधवार आहे, रस्त्यावर गर्दी नसते. स्वतः गाडी घेऊन जायचं, एकशे ऐंशी किलोमीटर, आणि हिला घेऊन यायचं. गाडी पुसली. पुढच्या सीटखाली हिची केसांची क्लिप सापडली. पुसून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली.
हिला फोन. ही म्हणाली, कशाला एवढ्या लांब, तुमचा गुडघा दुखतो. मी म्हटलं, गुडघा ठणठणीत आहे. म्हणाली, बुधवारी सकाळी मी घरी नसेन, माझं जरा काम आहे. कसलं काम? आहे एक, म्हणाली.
बाळाच्या डोसचं वगैरे असेल. बायकांच्या कामांत मी फार खोलात शिरत नाही.

१८ मार्च, सकाळी ६.४०
तयार. डबा, पाण्याची बाटली, कव्हरची फाइल. सेल्फ मारला. टक्. पुन्हा मारला. टक्सुद्धा नाही.

तीच तारीख, दुपारी १.१५
टोचनवाला सव्वाआठला आला. म्हणाला, बॅटरी मेलीय साहेब, आता नुसता धक्का देऊन भागायचं नाही, नवीनच टाका. मी म्हटलं, आधी दराचा निकाल लागू दे. त्याने केबल लावून चालू करून दिली. चहा नको म्हणाला, पुढे एक बाई मुलांना घेऊन रस्त्यात उभी आहे. बजावून गेला, वाटेत कुठे बंद करू नका.
निघालो. अकरा किलोमीटरवर पेट्रोल पंप. इंजिन चालू ठेवून पेट्रोल देणार नाही म्हणाले. बरोबर आहे त्यांचं. तिथे कडेला उभा राहून शांतपणे विचार केला. एकशे ऐंशी किलोमीटर जायचं. जावयाच्या दारात पोचून गाडी बंद करायची. मग निघताना सगळे फाटकात हात हलवत उभे, आणि टक्.
वळलो.
याला माघार म्हणत नाहीत. ही रस्त्याची पाहणी होती. एकूण बावीस किलोमीटर झाले, बॅटरी चार्ज झाली, हा निव्वळ नफा. डबा घरी येऊन खाल्ला. लेकीकडे कळवलं नाही. कुणी वाट बघतच नव्हतं, तर कळवायचं काय?

२६ मार्च, सकाळी ११.४०
ब्रह्मास्त्र सोडलं. फोन करून सांगितलं, मी तुमची कंपनी सोडतोय.
बाईंनी कारण विचारलं. एका वाक्यात सांगणार होतो, पंचवीस मिनिटं बोललो. अठ्ठावीस टक्क्यांपासून सुरुवात केली होती, ती बॅटरी, टोचनवाला, पेट्रोल पंप असं करत घर किती मोठं आहे आणि एका माणसाचा स्वयंपाक करताना मिठाचा अंदाज कसा चुकतो, इथपर्यंत कशी गेली कळलं नाही. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, काका, तुम्ही घरी एकटेच असता का? मी म्हटलं, या प्रश्नाचा दराशी संबंध नाही. त्या सॉरी म्हणाल्या.
प्रकरण वरिष्ठांकडे जाणार. सोमवारी, ३०ला, ११ ते १च्या दरम्यान फोन करून अंतिम दर सांगतील. वरिष्ठांकडे! शत्रूच्या फळीत खिंडार पडलं.
गंमत म्हणजे 'सर'वरून त्या 'काकां'वर आल्या. पार्टी नरमल्याची ही खूण असते.

३० मार्च, दुपारी १२.५५
जिंकलो!!
१२.५०ला फोन. अंतिम दर : पस्तीस टक्के कमी. मी दहा मागत होतो. बत्तीस वर्षांत असा सौदा केला नाही. साहेब आज असते तर केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली असती.

तीच तारीख, १.२०
पूर्ण नोंद असावी म्हणून लिहितो.
मी बाईंना सहज विचारलं, वरिष्ठ एवढे कसे वाकले? बाई म्हणाल्या, वरिष्ठांचा काही संबंध नाही काका. दुसऱ्या मेंबरनी २४ तारखेला स्वतः फोन करून नाव कमी करून घेतलंय. त्यांनी दुसऱ्या पत्त्यावर स्वतःचं वेगळं कव्हर घेतलंय, स्वतःच्या गाडीवर.
मी म्हटलं, कॉम्प्युटरची चूक आहे. हिला गाडी येत नाही.
त्या म्हणाल्या, लायसन्स नंबर दिलाय त्यांनी. अगदी हळू म्हणाल्या.
मग रिन्यू करू का विचारलं. मी म्हटलं, करा.

३१ मार्च
हिला फोन केला. विषय काढायचा नाही असं ठरवून केला होता. मी नातीच्या दातांबद्दल विचारलं. ही म्हणाली, कळलं वाटतं तुम्हाला.
दोन परीक्षा झाल्या म्हणे. पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. ती १८ला होती. लेकीने आपली जुनी गाडी हिला देऊन टाकलीय. सकाळी नातीला पाळणाघरात सोडते, तिथून एका शिवणकामाच्या वर्गात शिकवायला जाते. वर्गाला सहा महिने झाले. मी म्हटलं, मला बोलली नाहीस. ही म्हणाली, तुम्ही प्रत्येक फोनवर बॅटरीचं सांगता, मी ऐकते.
गाडी शिकवणारे मास्तर कसे होते, विचारलं. ही म्हणाली, खांबाला घासली तेव्हा ते म्हणाले, होतं असं.
मी पुन्हा नातीच्या दातांवर आलो.
शेवटी म्हणाली, शनिवारी येते. पाहा! मी म्हणतच होतो. घर झाडायला घेतलं. दोन्ही उशांचे अभ्रे बदलले.

४ एप्रिल, शनिवार, संध्याकाळी ५
ही आली. एकटी, गाडी चालवत, एकशे ऐंशी किलोमीटर. मी खिडकीत होतो. दोन गाड्यांच्या मधल्या सांदीत रिव्हर्समध्ये एका झटक्यात लावली. मला तिथे तीन खेपा लागतात. वरून 'काप, काप, सोड' असं सांगणार होतो, तोवर ही उतरलीसुद्धा.
केस कापलेत. बरे दिसतात. सांगायचं राहून गेलं.
शिलाई मशीन न्यायला आली होती. आणि कपडे. मी वरण-भात करून ठेवला होता, मीठ जास्त झालं होतं, ही तसंच जेवली. मग मशीन आम्ही दोघांनी मिळून खाली उतरवलं. जिन्यात ही म्हणाली, गुडघा सांभाळा. मी म्हटलं, ठणठणीत आहे. मशीन मागच्या सीटवर ठेवलं आणि मी पट्टा लावून दिला. उगाच ब्रेक मारताना पुढे यायला नको.
निघता निघता हिने आमच्या गाडीकडे बघितलं. म्हणाली, चालू होते का? मी म्हटलं, म्हणजे काय. मारा सेल्फ, म्हणाली. टक्.
हिने डिकीतून केबल काढल्या. आपली गाडी शेजारी आणून लावली, दोन्ही बॉनेट उघडली, लाल लालला लावली, काळी इंजिनच्या लोखंडाला. मी म्हटलं, काळी काळीला. म्हणाली, नाही, ठिणगी उडते, पुस्तकात दिलंय. मला आत बसवून म्हणाली, हां, मारा आता. पहिल्या फटक्यात सुरू झाली. मी कंपनीला फोन लावायला खिशातून मोबाइल काढला होता, तो परत ठेवला.
हात पुसत खिडकीशी आली. म्हणाली, चालू आहे तर चला ना मागोमाग. आठ दिवस राहा. नात तुम्हाला फोटोवरून ओळखते.
मी म्हटलं, यायचंच होतं, पण सोमवारी सकाळी कंपनीचा माणूस कव्हरचे कागद घेऊन येणार आहे. सही लागते. घरी कुणीतरी पाहिजे.
ही म्हणाली, बरं. दोन मिनिटं खिडकीवर हात ठेवून तशीच उभी होती. मग म्हणाली, वीस मिनिटं बंद करू नका. आणि गेली. वळणावर इंडिकेटर दिला होता. मागे कुणी नसताना.

६ एप्रिल, सोमवार, सकाळी ११.३०
कुणी आलं नाही. येणारही नव्हतं. कागद ईमेलवर मंगळवारीच आले आहेत. तरी आंघोळ उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून, नऊपासून पेन घेऊन बसलो होतो.