माळावर झालेला माझा सत्कार

ती. कौसल्याअक्कांना,

बारामतीहून भावजयीचा वाकून नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून जीव भांड्यात पडला. थेंब वेळेवर घाला, आणि पुण्यात आहात तोवर भाकरी लेकीलाच थापू द्या. फोनच करणार होते, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि मी जे लिहिणार आहे ते तिथल्या अख्ख्या सोसायटीने ऐकण्यासारखं नाही. मी संतापले आहे अक्का, तुमच्या धाकट्या भावावर, मोहनरावांवर.

साठीला टेकल्यावर मी विद्यापीठात पर्यावरणशास्त्र शिकायला गेले, त्याला तुम्हीच पहिल्यांदा हो म्हणालात. शेत, ओढा, माळ, वस्ती ही शेजारी शेजारी कशी नांदतात आणि त्यांत कोण कोण जगतं, एवढाच माझा विषय (नाव फार भारदस्त आहे, ते सोडा). प्रबंधासाठी मी आपला लासुर्ण्याचा आठ एकरांचा माळ घेतला. चहूकडे ऊस, मध्ये तेवढंच गवत. दोन वर्षं जमिनीवर लाकडी चौकट टाकून मी तिच्यातलं पवन्या, मारवेल, कुसळी असलं गवत मोजत बसले. पाचगणीच्या कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला गवताची पाती वहीत दाबायला शिकवायच्या, तेव्हापासून वाळल्या गवताच्या वासाने माझे डोळे भरून येतात (वर्गातली पोरं म्हणतात, काकू, ॲलर्जी असेल). चंडोलांची अकरा घरटी सापडली, थेट जमिनीवर, गवताच्या बुडाशी. चंडोलाला शेजारी झाड नको असतं, कारण झाडावर कावळे बसतात आणि पिल्लं उचलतात. पुढच्या गुरुवारी बाहेरचे परीक्षक माळ पाहायला येणार आहेत. माझी पदवी त्यावर आहे.

आणि गेल्या शुक्रवारी मोहनराव दारात हजर. “वैनी, गावानं तुमचा सत्कार ठेवलाय, माळावरच. या वयात शिकताय, चेष्टा हाय व्हय?” मला वाटलं, गावाला गवताची किंमत कळली एकदाची. इरकल नेसून गेले, तर माळावर मांडव, लाऊडस्पीकर आणि तीनशे खड्डे! वड, पिंपळ, सुबाभूळ. चार घरटी खड्ड्यांत गेली. मला फेटा बांधला, हातात खोरं दिलं आणि पहिलं झाड माझ्याच हातून लावून घेतलं. मी माईकवर स्पष्ट सांगितलं की माळ म्हणजे ओसाड जागा नव्हे, इथे झाडं लावू नका. जोरात टाळ्या पडल्या आणि दुसरं झाड लावायला घेतलं (सत्कारमूर्ती काय बोलते ते ऐकायची आपल्याकडे पद्धतच नाही). मग मोहनरावांना मांडवामागे नेऊन मनसोक्त रागावले, तर त्यांचेच डोळे पाणावले. “दोन वर्सं उन्हात बसलासा, डोक्यावर सावली न्हाय. म्हनलं, आता तरी वैनी सावलीला बसत्याल.” अशा माणसाशी भांडायचं कसं? मी तरीही भांडले. तेव्हा म्हणाले, “मग उपटा तुमीच.” आणि ते कसं उपटू? प्रत्येक रोपाला गावातल्या कुणा ना कुणा गेलेल्या माणसाच्या नावाची पाटी. एक उपटलं तरी एक घर कायमचं तुटेल. शिवाय फेटा बांधून झाड लावतानाचा माझा फोटो पेपरात आला. माझ्या मार्गदर्शक बाई (आपल्या सुनेपेक्षा लहान) तो पाहून पाच मिनिटं नुसतं पाणी पीत होत्या.

असो. आता मी मोठ्या मनाने सगळं विसरायचं ठरवलं आहे. मन मोकळं करायला लिहिलं, मागणं काही नाही.

तुमची,
राजेश्वरी

ता. क. तुम्ही शनिवारी लासुर्ण्याला परत येताय असं कळलं. तुमच्या तीस शेळ्या महिनाभर गोठ्यात बांधून आहेत, मुक्या जिवांचे हाल. रविवारी मोहनराव कारखान्याच्या सभेला जाणार आहेत. तेव्हा त्या सुटल्या आणि चुकून माळावर आल्या, तर शेळीला कुणी जाब विचारत नाही. सुबाभूळ त्यांना फार आवडते, असं आमच्या पुस्तकातही आहे. गवत खाल्लं तरी चालेल, ते पुन्हा येतं. उरलेल्या सात घरट्यांपाशी लाल चिंध्या बांधल्या आहेत, तिकडून तेवढ्या वळवा.

आणखी एक. ओढ्याकडच्या कोपऱ्यातल्या पिंपळाच्या रोपाला ह्यांच्या नावाची पाटी आहे. त्याच्याभोवती मी बाभळीच्या काट्यांचं कुंपण करून आले आहे. येता-जाता तांब्याभर पाणी घाला. परीक्षकांनी विचारलं, तर ते गुडघ्याएवढं झाड पहिल्यापासून तिथेच होतं, असं तुम्ही सांगा. ह्यांच्या थोरल्या बहिणीचा शब्द कुणी खोटा धरणार नाही.