‘भिंगरी’ बोट कोणाच्या नावावर करावी याबद्दल

लिहून ठेवणार मी, शेखर रामनाथ गायधनी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा लेथ-टर्निंगचा, राहणार सिडको, नाशिक. आज खंडेनवमी. मी पूर्ण शुद्धीत आहे आणि माझ्यावर कोणाचाही दाब नाही. फक्त मुलगी हर्षाली हिने पुण्याहून फोनवर बजावलं आहे, “बाबा, उद्या त्या बोटीत बसायच्या आधी कागद करा. नाहीतर मी येऊन चावी विहिरीत टाकीन.” आमच्याकडे विहीर नाही, पण तिच्या आवाजावरून ती खणून घेईल असं वाटलं. शुद्धीचा दाखला डॉ. मनाली देवरे यांनी दिला आहे. बोटीबद्दल त्यांचं मत विचारू नये.

कलम १. सिडकोतलं घर माझं नाही. ते पत्नी योगिनी हिने शाळेच्या पगारातून घेतलं आणि मी त्यात पाहुण्यासारखा मजेत राहतो. ती म्हणते, “मला तुमचं काही नको. मी साक्षीदार म्हणून सही करते, म्हणजे त्या बोटीशी माझा संबंध नाही हे कागदावर येईल.” तेव्हा या मृत्युपत्राने तिला काही मिळत नाही, आणि खाली पहिली साक्षीदार तीच आहे.

कलम २. बँकेत जे असेल ते हर्षालीला. तिने त्यातून कुठेतरी फिरायला जावं, आणि जाताना लॅपटॉप घरी ठेवावा.

कलम ३. अंबडचा कारखाना, लेथ आणि सगळी हत्यारं माझे भागीदार जमीलभाई शेख यांना. अट एकच. खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडली की दसऱ्याचा दिवस मावळेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. नियम माझ्या वडिलांचा, पण तो माझ्यापेक्षा जमीलभाईच कडक पाळतात. एका नवमीला चष्म्याचा स्क्रू पिळायला मी पेचकस उचलला, तर त्यांनी मनगट धरलं. “शेठ, आज त्यांची सुट्टी हाय.” चष्मा दोन दिवस नाकावरून घसरत होता.

कलम ४. बोटीचे जुने दोन स्टर्नड्राइव्ह, म्हणजे मागचे पंख्याचे पाय, धाकटा भाऊ धनराज याला. भिंगरी मी मुंबईच्या लिलावात घेतली तेव्हा तिच्या मागे हे दोन पाय लोंबत होते. एकदा त्यातला एक भर धरणात मोडला. धनराजने लासलगावच्या मार्केटात, कांद्याचा लिलाव थांबवून, सगळ्यांसमोर विचारलं, “काय दादा, पाण्यातला रोटाव्हेटर घेतला व्हय?” लोक अजून मला तसंच विचारतात. ते दोन्ही पाय त्याने आपल्या गाळ्याच्या दारावर टांगावेत, हीच माझी इच्छा.

कलम ५. हर्षालीने न समजता बोट विकू नये म्हणून समजावून सांगतो. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिनाची ताकद दोनदा काटकोनात वळून खाली पाण्यात जाते आणि त्या वळणांवरच दाते मोडतात. आता आम्ही बसवलेल्या सरफेस ड्राइव्हमध्ये दांडा बोटीच्या पाठीतून सरळ मागे निघतो. वेगात पंखा अर्धा पाण्यात, अर्धा हवेत. पाण्यात अडवायला काही लोंबत नाही, म्हणून बोट सुसाट! दांडे आम्ही आपल्याच लेथवर काढले. ड्राइव्ह वर-खाली करायला ट्रॅक्टरच्या लोडरचा हायड्रॉलिक सिलिंडर लावला. इंजिन थंड करणारं पाणी पूर्वी त्या पायांमधूनच यायचं, त्यासाठी आता तळाला भोक पाडून आत गाळणी बसवली आहे. हे सगळं करताना मी आणि जमीलभाई इतके खूश होतो की जेवणाचे डबे तसेच परत यायचे.

कलम ६. भिंगरी. हर्षालीला नको. जमीलभाई म्हणतात, “शेठ, माझ्या गल्लीत स्कूटर वळत नाय, बोट कुठं लावू?” योगिनीने अकरा वर्षांत तिच्यात पाऊल टाकलेलं नाही. म्हणून जागा कोरी ठेवतो. उद्या संध्याकाळपर्यंत कोणी मनापासून मागितली नाही, तर माझ्या पश्चात ती भंगारात द्यावी, असा शब्द मी हर्षालीला दिला आहे. हे लिहिताना मला फार वाईट वाटतं. भिंगरीला कापलेलं मला बघवणार नाही, आणि तेव्हा मी नसेन हाच काय तो दिलासा.

माझ्या पश्चात भिंगरी ................ द्यावी.

(यापुढचं दसऱ्याच्या दुपारी, धरणाच्या काठावर, ओल्या कपड्यांत लिहिलं.)

दसऱ्याला गाडीला हार घालतात, म्हणून आम्ही भिंगरीलाही घातला. पुढे जागा नव्हती, तर मागे, ड्राइव्हवर. इंजिनं सुरू केली आणि पंख्यांनी हार गिळला. झेंडूच्या पाकळ्यांचं कारंजं उडालं, काठावरची माणसं केशरी झाली, मी आणि जमीलभाई हसून लोटपोट! थोडं पुढे गेलो आणि इंजिनं तापली. गाळणी पाकळ्यांनी तुंबली होती.

जमीलभाईंनी पान्यांच्या पिशवीकडे हात नेला. पिशवी नव्हती. झाडून सगळी हत्यारं कारखान्यात कुंकू लावून पाटावर बसली होती.

काठावर योगिनी साक्षीदार म्हणून आली होती आणि स्टोव्हवर चहा करत होती. तिला फोन लावला.

“काय लागतंय?”

“पकड.”

“पकड नाही. सांडशी आहे.”

सांडशीची पूजा आम्ही केली नव्हती. धम्मपाल पगारे यांच्या होडीतून योगिनीच ती घेऊन आली. मी हात पुढे केला. ती म्हणाली, “सांडशी मी कोणाच्या हातात देत नाही. मागची अशीच गेली.” आणि पदर खोचून स्वतःच भिंगरीत चढली. गाळणीचं झाकण तिनेच फिरवलं, मूठभर झेंडू बाहेर काढला आणि सावलीत बसावं तशी चालकाच्या खुर्चीवर बसली.

मी इंजिनं पुन्हा सुरू केली आणि म्हणालो, “पाणी येतंय का बघतो, तू तो वेगाचा दांडा जरा पुढे कर.”

तिने जरा केला नाही. भिंगरीचं नाक उचललं, मग बोट पाण्यावर सपाट झाली आणि मागे दोन मजली पाणी उभं राहिलं. जमीलभाई ओरडत होते, “वहिनी, हळू! वहिनी!” योगिनीचा अंबाडा सुटला होता. ती खदाखदा हसत होती. तिला असं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं, आणि मला रडूच आलं. ती माझ्याकडे वळून ओरडली, “अहो, अजून आहे का?”

मी म्हटलं, आहे.

काठावर उतरल्यावर तिने कागद मागून घेतला, कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “इथे माझं नाव घाला.”

कलम ६ पूर्ण : माझ्या पश्चात भिंगरी माझी पत्नी योगिनी हिला द्यावी.

सही : शेखर रामनाथ गायधनी

साक्षीदार : (१) योगिनी शेखर गायधनी – नाव खोडलं. ज्याला मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते, असं वकील म्हणतात. तिच्या जागी धम्मपाल पगारे, होडीवाले. (२) डॉ. मनाली देवरे, केसांत झेंडूसह.

स्थळ : गंगापूर धरण, नाशिक
दिनांक : विजयादशमी, २ ऑक्टोबर २०२५

ता. क. मी जिवंत आहे तोवर बोट माझीच, असं कायदा म्हणतो. हे मी योगिनीला वाचून दाखवलं. चावी ती अजून देत नाही.